धारपाणीची जुनी आवृत्ती

कोल्हापूरच्या सह्यकर्ण केंद्रात हेमांगी सरनोबतला सगळे ‘नमुनेवाल्या मॅडम’ म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. डोंगरांत पुरलेल्या फायबरवर जागोजागी बसवलेले राउटर रोज सकाळी तिच्या नमुन्यांपुढे हजेरी द्यायचे. नमुना म्हणजे काही मोठं गूढ नव्हतं. शिंपी जसा कागद कापून ठेवतो आणि त्यावर कापड लावून बघतो, तसा तो प्रकार. राउटरमध्ये अमुक ओळी असल्याच पाहिजेत, सॉफ्टवेअरची आवृत्ती अमुक किंवा तिच्यापुढची हवी, तमुक दार बंद हवं, हे सगळं त्या नमुन्यात लिहिलेलं असे. केंद्रातलं यंत्र प्रत्येक राउटरला विचारी, तू कोण, तुझी आवृत्ती कोणती. उत्तर नमुन्याशी जुळलं तर पडद्यावर हिरवा ठिपका, नाही जुळलं तर लाल.

त्या वर्षीच्या ज्येष्ठात सगळा नकाशा हिरवा झाला होता. फक्त आजऱ्याच्या पलीकडे, घाटमाथ्याच्या कडेला, एक ठिपका करडा होता. करडा म्हणजे अपवाद. याला विचारू नका, याला सोडून द्या, असं कुणीतरी नमुन्यात लिहून ठेवलेलं.

“हा अपवाद तुम्हीच घातलाय ना?” विभागप्रमुख नसीमा मुजावर हिनं विचारलं. ती हेमांगीपेक्षा बरीच लहान होती, पण बोलणं सरळ होतं आणि हेमांगीला ती आवडायची.

“हो. धारपाणी. माझ्या भावाच्या घराशेजारचं ठाणं आहे.”

“तीन वर्षं झाली, मॅडम. ती आवृत्ती आता सगळीकडून गेलीय. तिच्यात जे दार उघडं राहिलंय, त्यातून कुणी शिरला तर शेजारची ठाणी त्याला आपलाच समजून आत घेतील. पाऊस लागायच्या आत एक तर ती बदला, नाहीतर मला धारपाणी जाळ्यातून तोडावं लागेल. आणि तोडलं, तर त्या डोंगराखालच्या लोकांना दरडीचा इशारा द्यायला कुणीच उरणार नाही.”

“मी स्वतः जाते,” हेमांगी म्हणाली.

जाण्यावाचून इलाजही नव्हता. दुर्गम ठाण्यांचं सॉफ्टवेअर इथे बसून बदलता येत नसे. बदलताना काही चुकलं तर डोंगरातलं ठाणं कायमचं मुकं व्हायचं, म्हणून तिथे हजर असलेल्या राखणदारानं बटण दाबून होकार द्यावा लागे. वहिनी गेल्यापासून धारपाणीचा राखणदार होता तिचा थोरला भाऊ श्रीरंग. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला, पोरांना पाढे म्हणायला लावणारा, नियमाचा पक्का माणूस. आणि तोच तीन वर्षं ते बटण दाबत नव्हता.

गाडी आजऱ्याच्या रस्त्याला लागली तशी हेमांगीला वैजयंती आठवायला लागली. तशी ती नेहमीच आठवायची, पण या रस्त्यावर जास्त. आधी ती हेमांगीची मैत्रीण होती, वहिनी नंतर झाली. दोघी एकाच वेळी नोकरीला लागल्या, तेव्हा नमुने नव्हते. कुठल्या ठाण्यात कुठली आवृत्ती आहे हे बघायचं तर तिथवर जावं लागे. एक खडखडणारी जीप, एक लॅपटॉप, एक निळी केबल आणि दोघींचे डबे. ठाण्याचं दार उघडलं की आधी पाली हाकलायच्या, मग केबल जोडायची. हेमांगी आज्ञा टाईप करी आणि पडद्यावर उमटलेली आवृत्ती वैजयंती मोठ्यानं वाचून दाखवी. शाळेत हजेरी घ्यावी तशी. “धारपाणी, पाच दशांश दोन! हजर!” मग दोघी हसत सुटायच्या. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते हेमांगीला आता सांगता आलं नसतं. त्यांचं वयच तसं होतं.

एकदा जीप बंद पडली म्हणून दोघी सरनोबतांच्या घरी मुक्कामाला राहिल्या. श्रीरंगनं पाहुणीला घनसाळ तांदळाचा भात वाढला आणि शाळेतल्या पोरांचे किस्से सांगितले. पुढच्या खेपेला जीप चांगली असतानाही वैजयंती म्हणाली, “बंद पडली म्हणून सांगूया का गं?” त्यानंतर वर्षभरात ती धारपाणीची सून झाली आणि तिथल्या ठाण्याची राखणदारही. हेमांगीनं मग एकटीच्या हजेरीचा कंटाळा येऊन पहिला नमुना लिहिला. यंत्रच यंत्रांना विचारू दे, असं तिला वाटलं होतं. ते काम इतकं छान जमलं, की डोंगरात जायचं कारणच संपलं.

धारपाणीत गाडीतून उतरल्यावर आधी भेटली ती तानुबाई. खालच्या आळीतली, वयानं पिकलेली, डोक्यावर भरलेली घागर.

“बरं झालं आलासा ताई. तुमच्या भावाला जरा सांगा की. झऱ्याची वाट अडवून बसल्यात मास्तर. आमी सगळा डोंगराला वळसा घालून पाणी आणतोय.”

“वाट अडवली? दादानं?”

“काट्या लावल्यात दोनी अंगाला. कुणी पाय ठेवला की वरडत येत्यात. वैनी गेल्यापास्नं आमी काय बोललो न्हाई. म्हटलं, दुःख हाय. पर आता गुडघं ऱ्हायलं न्हाईत बघा.”

हेमांगीनं वर पाहिलं. घराच्या मागून झऱ्याकडे उतरणारी पायवाट खरंच बाभळीच्या काट्यांनी बंद केलेली होती. वाटेवर गुडघाभर रान माजलं होतं. तिच्या लहानपणापासूनची ती वाट अशी तिनं कधी पाहिली नव्हती.

श्रीरंग दारातच उभा होता. हडकला होता. “आलीस? हात-पाय धू. भात टाकलाय,” एवढंच म्हणाला. जेवताना त्यानं कोल्हापूरच्या उकाड्याची चौकशी केली, नसीमाची केली, गाडीच्या बॅटरीची केली. आवृत्तीचा विषय हेमांगीनंच काढला, तेव्हा तो पाटावरून उठला.

“चल. तुला काहीतरी ऐकवतो. मग बोलू.”

ठाणं म्हणजे घराला लागून बांधलेली एक दगडी खोली. आत राउटर, बॅटऱ्या आणि एक छोटा स्पीकर. सह्यकर्णाची सगळी करामत याच खोल्यांमधून चाले. केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाश धावतो, तेव्हा त्यातला कणभर प्रकाश वाटेत जागोजागी ठेचकाळून मागे फिरतो. वरची जमीन जराशी हलली की तार ताणली जाते आणि त्या परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो फरक वाचला की कुठे हललं, किती हललं ते कळतं. मैलोन्‌मैल पुरलेली तार म्हणजे डोंगराच्या पोटात घातलेला कान. दरड कोसळायच्या आधी माती जे कुरकुरते, ते या कानाला ऐकू यावं म्हणून हा सगळा खटाटोप.

जुन्या आवृत्तीची रीत वेगळी होती. ती प्रत्येक ठाण्यात आपापलं शिके. या डोंगरावर नेहमी काय ऐकू येतं, गुरं कधी जातात, बस कधी येते, ते सगळं ती मुरवून ठेवी आणि ऐकलेल्यातून वजा करी. उरलं ते वेगळं, म्हणून धोक्याचं. मुरवलेलं बरोबर आहे की नाही हे तपासायला ते आवाज स्पीकरवर लावून ऐकायची सोय होती.

श्रीरंगनं झऱ्याच्या वाटेचा पट्टा निवडला. स्पीकरमधून आधी नुसती घरघर आली. मग आवाज उमटला. ठप. सर्र. ठप. सर्र.

ते पाऊल हेमांगीनं लगेच ओळखलं. एकदा ठाण्याच्या पायरीवरून घसरून वैजयंतीचा घोटा मोडला होता. तेव्हापासून ती डावा पाय जरासा ओढत चाले. रिकामी घागर घेऊन उतरताना पावलं हलकी, भरली घागर घेऊन चढताना जड, आणि मध्ये दम खायला थांबली की शांतता. त्या शांततेत हेमांगीला वाटलं, आता ती घागर या काखेतून त्या काखेत घेईल. आणि पुन्हा ठप, सर्र सुरू झालं.

“रोज सकाळी ती या वाटेनं जायची,” श्रीरंग म्हणाला. “इतकी वर्षं. यंत्रानं ते मुरवून घेतलं. त्यावर दुसरं कुणी चाललं, की नवं ऐकून ते जुनं पुसत जातं. म्हणून काट्या लावल्या.”

“तू स्वतः?”

“मीसुद्धा गेलो नाही. तिच्या पावलांवर माझी पावलं पडली असती.”

हेमांगीच्या तोंडून तिच्या धंद्यातलंच वाक्य निघालं. “आपण हे रेकॉर्ड करून ठेवू, दादा. मी फोनवर घेते. जन्मभर राहील.”

“केलंय मी ते. ऐकतोही. पण हे तसं नाही गं.” त्यानं पडद्यावर सकाळचा अहवाल उघडला आणि बोट ठेवलं. तिथे एक ओळ होती: ‘झऱ्याची वाट. नेहमीचा आवाज आज आला नाही.’ त्याच्या आधीच्या दिवशी तीच ओळ. त्याच्या आधीही तीच.

“रोज सकाळी लिहितं ते,” श्रीरंग म्हणाला. “सगळे विसरले. सगळ्यांनी विसरावंच, जगरहाटी आहे. पण माझ्याशिवाय अजून कुणीतरी तिची वाट बघतंय. ते मला माझ्या हातानं बंद करवत नाही.”

ती ओळ रोज कोल्हापूरलाही येत असणार. पण अपवाद घातलेल्या ठाण्याचे अहवाल कुणी उघडत नसे. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

“परत लाव,” ती म्हणाली.

दोघं भाऊबहीण बॅटऱ्यांच्या पेटीवर बसून ऐकत राहिली. हेमांगीनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. नसीमाशी भांडू, उघडं दार दुसऱ्या कुठल्या तरी युक्तीनं बंद करू, हा अपवाद राहू दे. ती वैजयंतीच्या पावलांबरोबर झऱ्यापर्यंत उतरली, थांबली, वळली. आणि त्या थांबण्यात तिला पावलांच्या मागून दुसरंच काहीतरी ऐकू आलं. झोपेत कुणी दात खावेत तसं. करर्र. मग थोड्या वेळानं पुन्हा करर्र.

“दादा, हे काय आहे?”

“ते? ते नेहमीचंच. डोंगराचा आवाज.”

“नेहमीचं म्हणजे कधीपासून?”

श्रीरंगनं आठवून पाहिलं. “आधी नव्हतं. गेले दोन पावसाळे झाले असतील.”

हेमांगी उठली. तिनं पट्टा मागेपुढे करून पाहिला. झऱ्याच्या वाटेखाली, बरोबर खालच्या आळीच्या डोक्यावर, माती तडकत होती. तडकणं इतकं सावकाश वाढत गेलं होतं, की जुन्या आवृत्तीनं तेही ओळखीचं म्हणून मुरवून घेतलं होतं. बसच्या आवाजासारखं. आणि ती ते रोज इमानेइतबारे वजा करत होती. अहवालात त्याचा मागमूसही नव्हता.

“दादा, डोंगर सरकतोय.”

“काहीतरी बोलू नकोस. सरकत असता तर यंत्रानं सांगितलं नसतं?”

“तेच तर सांगते! जे सवयीचं झालं त्यातून धोका नाही, असं समजणारं यंत्र आहे हे. नवी आवृत्ती अशी फसत नाही. तिला सगळ्या सह्याद्रीतल्या कोसळलेल्या दरडींचं कुरकुरणं ठाऊक आहे. कोण चाललं ते ती लक्षातच ठेवत नाही, पण ही कुरकुर ती सोडणार नाही.”

“म्हणजे तुला बटण दाबून हवंय. म्हणून हे सगळं.”

“दादा!”

“तीन वर्षं तू आली नाहीस, हेमा. तिच्या वर्षश्राद्धालासुद्धा फोनच केलास. तुझा नमुना बिघडला तेव्हा तुला धारपाणी आठवलं.”

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. हेमांगी उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. “यायची हिंमत नव्हती,” ती म्हणाली. “घरात शिरलं की ती स्वयंपाकघरातून हाक मारायची. ‘हजर!’ म्हणून. ती हाक आली नाही तर मी काय करायचं होतं?”

बाहेर तानुबाईची नात गुरं हाकत चालली होती, तिचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

“खालच्या आळीत तानुबाई आहे,” हेमांगी हळू आवाजात म्हणाली. “वैजू बाळंतपणात आजारी पडली, पोर गेलं, तेव्हा महिनाभर तिच्या उशाशी कोण बसलं होतं?”

त्या रात्री दोघं न बोलता झोपली.

सकाळी हेमांगी उठली तेव्हा श्रीरंग अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ठाण्यात बसला होता. त्या दिवशीची ओळ नुकतीच उमटली होती. ‘नेहमीचा आवाज आज आला नाही.’

“हेमा, तुम्ही दोघी कशी आवृत्ती वाचायचात ते मला सांगायची ती. मला तसं वाचून दाखव.”

हेमांगीनं निळी केबल जोडली. एवढ्या वर्षांत असल्या केबलला हात लागला नव्हता, पण बोटं विसरली नव्हती. तिनं आज्ञा टाईप केली आणि पडद्यावरचं वाचलं. तिचा आवाज वैजयंतीसारखा खणखणीत लागला नाही, चिरकलाच. “धारपाणी. सात दशांश एक. हजर.”

श्रीरंगनं बटण दाबलं.

काही वेळ राउटरचे दिवे विझले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. मग एकेक दिवा लागत गेला, आणि दुपार व्हायच्या आत नव्या आवृत्तीनं पहिला अहवाल लिहिला. झऱ्याच्या वाटेखालचा उतार सरकतो आहे, पावसात कोसळण्याची शक्यता मोठी. तिकडे कोल्हापुरात नसीमानं तो वाचला आणि लगेच फोन केला. तहसीलदारांना कळवते म्हणाली. खालच्या आळीला पावसाळाभर शाळेत हलवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग पुन्हा पडद्यापुढे उभा होता.

“आज काही लिहिलं नाही?”

“नाही, दादा.”

त्यानं मान हलवली. मग कोपऱ्यातली कोयती उचलली आणि बाहेर जाऊन वाटेवरच्या काट्या तोडायला लागला. हेमांगीही गेली. काट्या बाजूला झाल्या, रान कापलं आणि दोघं भाऊबहीण झऱ्यापर्यंत उतरून गेली. श्रीरंग आधी जपून पाय टाकत होता, देवळात शिरल्यासारखा. मग वाटेला उतार आला तसा त्याला नीट चालावंच लागलं. झऱ्याचं पाणी दोघांनी ओंजळीनं प्यायलं. थोड्याच वेळात तानुबाई घागर घेऊन हजर झाली. “मोकळी केलीसा व्हय मास्तर,” म्हणाली आणि पाणी भरून पुढे गेली.

आषाढात धार लागली. सलग पाऊस पडत होता आणि नव्या आवृत्तीचा इशारा रोज चढत चालला होता. एका दुपारी ठाण्याचा भोंगा वाजला. शाळेत सगळी माणसं होतीच, गुरं तेवढी सोडवून आणली. ती आणायला श्रीरंग स्वतः पोरांबरोबर धावला. शेवटची म्हैस वर आली आणि डोंगराचा तो सगळा भाग हलला. झाडं उभीच्या उभी खाली निघाली. खालच्या आळीतली घरं गेली, गोठे गेले. झऱ्याची वाट वरपासून खालपर्यंत मातीत गडप झाली. माणूस एकही गेलं नाही.

हेमांगीला ते फोनवरच कळलं. घाटातला रस्ता खुला झाल्यावर, गणपतीनंतर, ती धारपाणीला गेली. डोंगराच्या कुशीत तांबड्या मातीची मोठी जखम दिसत होती. शाळेच्या मागे नव्या घरांच्या जोत्यांचं काम चाललं होतं आणि तिथे श्रीरंग गवंड्यांशी वाद घालत उभा होता. त्याला जरा बाळसं आलं होतं.

“झरा कुठे गेला रे?” तिनं विचारलं.

“आहे. पाण्यानं दुसरीकडून वाट काढलीय. चल, दाखवतो.”

नव्या झऱ्याकडे जायला वाट अशी नव्हतीच. बायका जाऊन येऊन गवत दबलं होतं तेवढंच. श्रीरंग पुढे, हेमांगी मागे. तो दोनदा घसरला आणि दोनदा स्वतःवरच वैतागला. एका खडकाशी तो दम खायला थांबला.

“तुला एक सांगू? एकदा वैजू पाण्याला गेली ती येईचना. बघायला गेलो तर वाटेत पाटलांची म्हैस आडवी बसलेली. आणि ही घागर खाली ठेवून तिच्यापुढे उकिडवी बसलेली. म्हशीला म्हणते कशी, ‘बाई, तू पण दमलीस, मी पण दमले. पण माझा नवरा मास्तर आहे, उशीर झाला तर मला अंगठे धरायला लावेल.’”

तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला आणि त्यानं खडकाचा आधार घेतला. तीन वर्षांत तिची अशी हसरी आठवण त्यानं कुणाला सांगितली नव्हती, बहिणीलाही नाही.

ही गोष्ट हेमांगीला ठाऊक होती. वैजयंतीनं ती सांगितली होती तेव्हा त्यात म्हैस उठून निघून गेली होती आणि मास्तर चिखलात बसले होते.

“मग?” ती म्हणाली. “उठली का म्हैस?”

“कसली उठतेय!” श्रीरंग म्हणाला आणि पुढची चढण चढता चढता सांगायला लागला.